ओसरीमागचं कृष्णविवर

वेळापत्रकबाई माझ्या छापखान्यात पहिल्यांदा आल्या त्या बसच्या वेळापत्रकांचे गठ्ठे न्यायला. त्या शहर बससेवेच्या डेपोत होत्या. कुठली गाडी कधी सुटणार, कुठला ड्रायव्हर कुठल्या पाळीला, हे सगळं बसवायचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांचा चेहराच असा होता की बघणाऱ्यानं उठून जागा द्यावी. मी स्टूल दिलं, आणि गठ्ठे बांधून होईपर्यंत वाचायला म्हणून आमचा अंक हातात ठेवला. आम्ही पाचसहा हौशी माणसं मिळून वर्षातून एकदा विज्ञानकथांचा अंक काढायचो, तो.

बाईंनी एक कथा वाचली, दुसरी वाचली, मग पानं उलटी चाळत मागे गेल्या आणि म्हणाल्या, "हे जहाज सुटायच्या आधीच पोचलंय."

"ते कसं?"

"कसं ते तुम्ही सांगा. इथं ते संध्याकाळी बंदरातून निघतंय, आणि या दुसऱ्या कथेत त्याच दिवशी दुपारी पलीकडे लागलंय. जहाज तेच, कप्तान तोच. आमच्या डेपोत असं झालं असतं तर माझी नोकरी गेली असती."

दोन कथा दोन वेगळ्या लेखकांच्या होत्या, आणि दोघांनीही एकमेकांच्या वाचल्या नव्हत्या. मी त्या गुरुवारी बाईंना आमच्या लेखकांच्या बैठकीला बोलावलं. त्या आल्या, आणि मग येतच राहिल्या. कथा मात्र त्यांनी कधी लिहिली नाही. "मला कुठलं सुचायला!" म्हणायच्या. त्यांनी छापखान्याच्या मागच्या खोलीत, कागद कापायच्या यंत्राच्या वर, भिंतभर एक तक्ता लावला. सगळे ग्रह, सगळी बंदरं, कुठून कुठे जायला किती वेळ. कथा लिहिणाऱ्यानं आधी बाईंकडे यायचं, तारखा तपासून घ्यायच्या, मगच मी छापायला घ्यायचो. आम्ही त्यांना गमतीनं वेळापत्रकबाई म्हणू लागलो आणि ते नाव चिकटलं.

आमच्या अंकातलं जग सामायिक होतं. लिहिणारे वेगवेगळे, आकाश एकच. त्याचा नियम बेकरीवाल्या काकांनी घालून दिला होता. अंक मुळात त्यांनी आणि मी सुरू केला. नियम असा की सूर्य खरे, बाकी सगळं खोटं. ग्रह तुम्ही कल्पनेनं रचा, त्यावरची माणसं रचा, भांडणं, प्रेमं, दरोडे, काय हवं ते. पण ज्या ताऱ्याभोवती तो ग्रह फिरतो तो खरोखर आकाशात असला पाहिजे. त्याला नाव आपल्या पसंतीचं द्यायचं. काका म्हणायचे, "पिठात भेसळ चालेल, भट्टीत चालणार नाही."

काकांनी स्वतः निवडलेल्या ताऱ्याचं नाव होतं दिवटी. साधा, पिवळसर, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला तारा. त्याच्या भोवतीच्या ग्रहाचं नाव ओसरी. ओसरीवर काही घडायचं नाही. लांबून आलेली जहाजं तिथं थांबायची, माणसं उतरायची, आंघोळ करून झोपायची आणि पुढे जायची. काकांच्या पहिल्याच कथेत वाक्य होतं: "दिवटी जागची हलत नाही, म्हणून थकलेला माणूस डोळे मिटून ओसरीवर येऊ शकतो." हे वाक्य आमच्या वाचकांना तोंडपाठ होतं. पुढे कुणीही कथा लिहिली, की तिच्यातलं जहाज एकदा तरी ओसरीवर टेकायचंच. युद्ध तिथं न्यायचं नाही, हा दुसरा नियम. तो कुठं लिहिलेला नव्हता, पण पाळला जायचा.

आणि मग एका गुरुवारी धाकटी धापा टाकत आली.

धाकटी म्हणजे आमच्यातली सगळ्यात नवी लेखिका. औषधांच्या दुकानात काम करायची, आणि तिच्या कथांत कुणी ना कुणी चुकीचं औषध घेऊन मरायचंच. तिनं दारातूनच फोन पुढे केला. "वाचलंत का? दिवटीपाशी ब्लॅक होल सापडलंय!"

खोलीत तेव्हा मी, मास्तर, दातांची डॉक्टर आणि बाई होतो. मास्तर शाळेत विज्ञान शिकवत आणि अंकात अतिशय बरोबर आणि थोड्या कंटाळवाण्या कथा लिहीत. त्यांनी चष्मा वर सरकवून बातमी वाचली, मग पुन्हा वाचली.

"खरं आहे," ते म्हणाले. "दिवटी एकटी नाहीये. एका कृष्णविवराभोवती फिरतेय. एक फेरी घ्यायला तिला काही वर्षं लागतात."

"पण ते दिसलं कसं?" बाईंनी विचारलं. "काळं ना ते?"

"दिसलं नाहीच. असं बघा, लांबवर एक माणूस कुत्र्याला फिरवतोय. माणूस तुम्हाला दिसतोय, कुत्रा दिसत नाही. पण माणूस सारखा एका बाजूला ओढला जातोय. त्यावरून कुत्रा आहे हे कळतं, आणि केवढा आहे तेही कळतं."

"म्हणजे माणूस कुत्र्याला फिरवतोय की कुत्रा माणसाला?"

"इथं कुत्राच भारी आहे," मास्तर म्हणाले. "दिवटीच्या कितीतरी पट."

"आणि गिळत नाही ते तिला?"

"जवळ गेली तर गिळेल. लांबून फिरतेय तोवर फिरत राहील. आपली ओसरी दिवटीला चिकटून आहे, तिलाही तसा धोका नाही."

"मग प्रश्न कुठं आहे?" असं मी म्हणालो, पण सगळे तक्त्याकडे बघायला लागले होते. चोरटा माल नेणारी जहाजं ज्या आडवाटेनं जात, ती लाल रेघ त्या नव्या विवराच्या बरोबर पोटातून जात होती.

"इतकी वर्षं आपले चोर तिथून ये-जा करतायत," डॉक्टर म्हणाली, "आणि एकालाही साधं खरचटलं नाही." तिला हसू आवरेना.

पण हसणं तेवढ्यापुरतंच राहिलं. डॉक्टर अंकात युद्धकथा लिहायची. दिवसभर लोकांच्या तोंडात हळुवार हात घालून घालून संध्याकाळी तिला काहीतरी फोडावंसं वाटत असावं. ती म्हणाली, ओसरीला त्या विवरात बुडवू या. एवढी मोठी संधी पुन्हा येणार नाही. अख्खा अंक त्यावर काढू. धाकटीलाही ते पटलं. मास्तर म्हणाले, बुडणारच नाही तर बुडवायचं कसं, ती लबाडी होईल. मी म्हणालो, बातमीकडे काणाडोळा करू, कोण बघतंय. त्यावर मास्तर माझ्याकडे असे बघत राहिले की मी चहा आणायच्या निमित्तानं बाहेर पडलो.

परत आलो तेव्हा ठरलं होतं. आधी सगळ्या जुन्या कथा वाचून कुठं कुठं काय अडतं ते बघायचं, आणि मग ठरवायचं. आणि बघणार कोण? किचकट काम निघालं की सगळ्यांच्या माना आपोआप एकाच दिशेला वळायच्या.

"बघते," बाई म्हणाल्या. नाही म्हणायलाही जोर लागतो, तो त्यांच्यापाशी नव्हता.

त्या दिवसांत डेपोत नदीवरच्या जुन्या पुलाचं प्रकरण चालू होतं. पूल दुरुस्तीला काढला होता, पलीकडच्या सगळ्या गाड्या वळसा घालून न्यायच्या होत्या, आणि बाईंना अख्खं वेळापत्रक उलटंपालटं करावं लागत होतं. वळशामुळे ड्रायव्हरांची जेवायची सुट्टी जायची. ते येऊन बाईंच्या टेबलावर हात आपटायचे. प्रवासी फोनवरून शिव्या द्यायचे. वरचे साहेब म्हणायचे, "मॅडम, तुम्हीच काहीतरी बसवा." बाईंच्या टेबलाच्या एका बाजूला वळशांचे कागद, दुसऱ्या बाजूला आमचे जुने अंक. डबा खाताना त्या एका हातानं ओसरीच्या कथा वाचायच्या आणि दिवटी कधी कुठं असेल त्याच्या खुणा करायच्या. मास्तरांनी त्यांना गणित करून दिलं होतं. कधी कधी दोन्ही कामांची सरमिसळ व्हायची. एकदा त्यांनी एका ड्रायव्हरला सांगितलं, "तुम्ही या बाजूनं नका येऊ, इकडे विवर आहे." तो म्हणाला, "माहितीये मॅडम, तिथं कालच माझं चाक अडकलं."

घरी त्यांचे यजमान असायचे. तेही याच बससेवेत ड्रायव्हर होते; कंबर धरल्यामुळे वेळेआधी निवृत्त झालेले. आम्ही त्यांना ड्रायव्हरसाहेब म्हणायचो. मुलगी लग्न होऊन दूर गेलेली. बाई घरी पोचल्या की पायातल्या चपलासुद्धा न काढता भिंतीला टेकून बसायच्या. साहेब काही न बोलता पाण्याचं भांडं पुढे करायचे. त्या उन्हाळ्यापासून साहेबांना अळणी खायची सवय लागली होती. बाई म्हणायच्या, "काय हो, म्हातारपणी नखरे? मीठ चालत नाही, डाळ चालत नाही. उद्या म्हणाल हवा खातो." साहेब हसायचे. "रक्तदाबाचं आहे थोडं. डॉक्टर म्हणाला कमी करा."

सगळ्या कथा वाचून झाल्यावर बाई मला म्हणाल्या, "रेघांचं बसवता येईल. आडवाट जरा वाकवू. जुन्या कथांत ती सरळ आहे असं कुणी लिहिलेलंच नाही, आपणच तक्त्यावर सरळ काढली होती. जहाजांच्या वेळा थोड्या मागेपुढे होतील. पण ते वाक्य?"

"दिवटी जागची हलत नाही."

"हां. ते काही बसत नाही. ती हलतेय ना. आणि ते वाक्य काढायचं तर काकांना विचारायला हवं."

काका अंकातून बाहेर पडून बराच काळ झाला होता. बेकरी विकली, डोळे अधू झाले, आणि ते बहिणीकडे राहायला गेले. आम्ही दोघं एका रविवारी गेलो. तिसऱ्या मजल्यावर घर. जिन्यात दोनदा थांबलो. एकदा माझ्यासाठी, एकदा बाईंसाठी. काका खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. अंगावर स्वच्छ पांढरा सदरा, आणि बोटं मांडीवर सारखी काहीतरी मळत असल्यासारखी हलणारी. त्यांच्या बहिणीनं बिस्किटं पुढे ठेवली. काका म्हणाले, "खाऊ नका, बाजारातली आहेत."

बाईंनी त्यांना सगळं सांगितलं. माणूस, कुत्रा, आडवाट, सगळं. काका मान खाली घालून ऐकत होते.

"म्हणजे माझं वाक्य खोटं," ते म्हणाले.

"चुकीचं," मी म्हणालो. "तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं."

"वाक्य खोटं ते खोटंच. पाव कच्चा निघाला तर गिऱ्हाईक भट्टीची चौकशी करतं का?" मग ते खिडकीकडे वळले. "मी अख्खा जन्म इतरांच्या आधी उठलो. सगळं गाव झोपलेलं असताना मी पिठात. मला एक जागा हवी होती जिथं माणूस नुसता येऊन पडेल आणि त्याला कुणी उठवणार नाही. बाकी त्यात काही नव्हतं. आणि आता तुम्ही म्हणता तिच्या परसात हे असलं काहीतरी आहे."

"डॉक्टर म्हणते बुडवू या," बाई म्हणाल्या. मला वाटतं, त्यांनी ते मुद्दाम सांगितलं. काकांनी चिडून 'खबरदार' म्हणावं म्हणून.

काका चिडले नाहीत. "तुमचं आहे आता. मळून दिलं होतं मी. भाजा नाहीतर टाकून द्या." आणि मग, आम्ही उठायला लागलो तेव्हा, ते सहज म्हणाले, "पण मला एक सांग, बाई. तिथल्या लोकांना माहीत नव्हतं का?"

"कुठल्या लोकांना?"

"ओसरीवरच्या. पिढ्यान्पिढ्या राहतायत तिथं. आपल्याला आत्ता कळलं, ठीक आहे, आपण लांब. पण ते रोज तेच आकाश बघतायत. त्यांना कळलं नसेल?"

जिना उतरताना त्या म्हणाल्या, "हे आणखी एक वाढवून ठेवलं काकांनी."

पुलाचं नवं वेळापत्रक लागू झालं आणि पहिल्या दिवशी चक्क कुणी टेबलावर हात आपटला नाही. बाई संध्याकाळी वेळेवर घरी गेल्या. पुढचं मला त्यांनी स्वतः सांगितलं, नंतर.

साहेबांनी चहा करून ठेवला होता. पाय ठेवायला समोर स्टूल मांडलं होतं. "बस आधी," ते म्हणाले. बाई बसल्या. चहा अर्धा झाला तेव्हा साहेबांनी घसा साफ केला.

"एक सांगायचंय. रागावू नकोस."

"काय फोडलंत?"

"फोडलं नाही काही. किडन्या गेल्यात."

"कुणाच्या?"

"माझ्या. दोन्ही. म्हणजे अगदी गेल्या नाहीत, पण स्टँड सोडलंय त्यांनी. डायलिसिस लागेल म्हणतात. आज ना उद्या."

बाईंना आधी वाटलं चेष्टा करतायत. साहेबांना अशा चेष्टा करायची सवय होती. मग त्यांनी साहेबांचे पाय बघितले. घोट्यांना सूज होती. ती त्या कितीतरी दिवस बघत होत्या, आणि मोजे घट्ट झाले असतील असं समजत होत्या.

"कधी कळलं?"

"उन्हाळ्यात."

"उन्हाळ्यात! आणि मला आज?"

"तुझं पुलाचं चाललं होतं. रोज येऊन भिंतीला टेकून बसायचीस. मी म्हटलं, हे संपू दे. एवढ्यात काही बिघडत नव्हतं, डॉक्टर म्हणाला होता. आज जरा चेहरा बरा दिसला."

बाई उठल्या. कप घेऊन मोरीपाशी गेल्या, तो घासला, धुतला, आणि पुन्हा घासला. "मी तुमच्या अळणी जेवणाची चेष्टा करत होते," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या.

"चालायचंच. तुला कुठं माहीत होतं?"

"तेच म्हणतेय मी! मला कुठं माहीत होतं!" त्यांचा आवाज एवढा चढला की शेजारच्या घरातला रेडिओ बंद झाला. "दया केलीत माझ्यावर? कुणी सांगितली होती? मी थकलेय का नाही ते मी बघीन ना. घरात येऊन बसायचं, पाणी प्यायचं, आणि समोरचा माणूस... मला काय पाहुणी समजलात?"

साहेबांनी मान खाली घातली. ते म्हणाले, "मला सांगायचं सुचेना गं. रोज ठरवायचो." आणि हे खरं कारण होतं, असं बाई म्हणाल्या. पुलाचं वगैरे नंतरचं. तो माणूस घाबरला होता.

मग त्या पुढचे काही दिवस साहेबांशी जेवढ्यास तेवढं बोलल्या. पण डॉक्टरकडे बरोबर गेल्या, सगळं विचारून घेतलं, स्वयंपाक अळणी सुरू केला, तोही दोघांचा. गुरुवारी माझ्याकडे आल्या तेव्हा बैठक नव्हती. कागदाच्या रिमांवर बसून त्यांनी मला हे सगळं सांगितलं. रडल्या नाहीत. हिशेबातली चूक दाखवावी तसं सांगितलं. मी म्हटलं, "बाई, ते ओसरीचं राहू द्या. मास्तर बघतील."

"नाही," त्या म्हणाल्या. "मला कोरे कागद द्या. छपाईतले खराब झालेले असले तरी चालतील."

ते कागद घेऊन त्या कापायच्या यंत्रापाशी उभ्या राहूनच लिहायला लागल्या. मी दोन गिऱ्हाइकं केली, शाई बदलली, आणि त्या लिहीतच होत्या.

पुढच्या बैठकीत त्यांनी ते वाचून दाखवलं. वाचायची सवय नाही, त्यामुळे बस थांब्यांची नावं घ्यावीत तशा एका सुरात वाचत होत्या. गोष्ट लहानशीच होती. एक सारथीण आहे, आयुष्यभर जहाज चालवलेली, ओसरीवर पुन्हा पुन्हा येऊन गेलेली. प्रत्येक वेळी तिला तिथली घरमालकीण सांगते, "दिवटी जागची हलत नाही, निवांत झोपा." काकांचं वाक्य बाईंनी खोडलंच नव्हतं. ते त्यांनी ओसरीच्या लोकांच्या तोंडी घातलं होतं, पाहुण्याची समजूत घालायला. एकदा सारथिणीला झोप लागत नाही. ती उठून परसात जाते आणि तिला आकाशात एक जागा दिसते, जिथून जाताना तारे, गर्दीत कुणाला वाट द्यावी तसे, बाजूला सरकतात. घरमालकीण मागे येऊन उभी राहते.

बाईंनी वाचलं:

"'कधीपासून आहे हे?'

'आमच्या आधीपासून.'

'आणि मी इतक्या वेळा आले, एका शब्दानं कुणी बोललं नाही.'

'येता तेव्हा तुम्ही थकलेल्या असता. जाता तेव्हा घाईत असता. सांगायचं कधी?'

'मी थकलेय की नाही ते मी ठरवीन,' सारथीण म्हणाली. 'यापुढे दारातच सांगायचं. आधी सांगायचं, मग पाणी द्यायचं.'

त्या दिवसापासून ओसरीवर येणाऱ्याला दारातच सांगतात. काही जण ते ऐकून मागे फिरतात. बाकीचे आत येऊन झोपतात."

वाचून झालं. बाईंनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवले, जणू ते कुणी मागून घेणार नव्हतंच.

"बुडत नाही म्हणजे," डॉक्टर म्हणाली.

"नाही."

"आणि मागे फिरतात त्यांचं काय?"

"फिरू देत. त्यांना पुढं कुठं जायचं ते त्यांनी बघावं."

डॉक्टर काहीतरी म्हणणार होती, पण तिनं बाईंकडे नीट बघितलं आणि नुसतं "बरं" म्हणाली. मास्तरांनी दोन दुरुस्त्या सुचवल्या. तारे सरकताना दिसायला विवर अमुक बाजूला हवं, म्हणजे परस घराच्या दुसऱ्या अंगाला न्यावं लागेल. "नेते," बाई म्हणाल्या. धाकटीनं विचारलं, "काकू, सारथीण शेवटी घरमालकिणीला माफ करते का?"

"ते मला अजून माहीत नाही," बाई म्हणाल्या.

कथा छापली. जुन्या कथांना धक्का न लावता सगळं बसलं. रेघ वाकवली, वेळा मागेपुढे केल्या, एवढंच. दोघातिघा वाचकांनी लिहिलं की ओसरीचं वाटोळं केलंत. एकानं लिहिलं की त्याला तो प्रकार आधीपासूनच संशयास्पद वाटत होता. काकांना त्यांच्या बहिणीनं अंक वाचून दाखवला, आणि मग काकांनी बाईंना फोन केला.

"माझी माणसं खोटं बोलत नव्हती," ते म्हणाले.

"हो, काका."

"तुझ्या गोष्टीत बोलतात."

"हो."

"असो," काका म्हणाले. "आंघोळीला गरम पाणी देतात ना अजून?"

"देतात."

"मग ठीक आहे," म्हणून त्यांनी फोन ठेवला. ते पूर्ण खूश नव्हते. बाईंनाही तसं वाटलं, पण त्यांनी त्याबद्दल काही केलं नाही. सगळ्यांना खूश करणारं वेळापत्रक अजून कुणी बसवलेलं नाही, असं त्या म्हणायच्या.

हिवाळ्यात साहेबांचं डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीनदा. बाईंनी रजा घेतल्या, मग रजा संपल्या, मग त्यांनी वर्षभर आधीच निवृत्ती घेऊन टाकली. भिंतीवरच्या तक्त्याचं काम धाकटीकडे दिलं. ती आधी नको नको म्हणाली, आणि पहिल्याच महिन्यात तिनं मास्तरांची कथा तारखा चुकल्या म्हणून परत पाठवली. मास्तर दोन गुरुवार आले नाहीत.

मी एकदा साहेबांना भेटायला इस्पितळात गेलो होतो. लांबट खोली, ओळीनं खाटा, प्रत्येकाच्या शेजारी गुरगुरणारं यंत्र. साहेब नळ्या लावून पडले होते, एक हात मोकळा. त्या मोकळ्या हातात आमचा अंक होता. बाई शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीत कललेल्या. दोघांचं बोलणं पूर्ववत झालेलं दिसत होतं; म्हणजे भांडत होते.

"हे बघा, बरं झालं आलात," साहेब मला म्हणाले. "हा दुसऱ्या गोष्टीतला तुमचा सारथी. सलग एवढा वेळ चालवतोय आणि याला बदली माणूस नाही?"

"अहो, गोष्ट आहे ती," बाई म्हणाल्या.

"गोष्ट असली म्हणून काय झालं? माणूसच आहे ना? एवढ्या ड्युटीनंतर त्याला रस्ता दुहेरी दिसायला लागेल. तुमच्या त्या आकाशात युनियन नाही का?"

मी म्हटलं, आजवर कुणाच्या डोक्यात आलं नाही खरं.

"मग घाला डोक्यात," साहेब म्हणाले, आणि त्यांनी पान उलटण्यासाठी अंक बाईंपुढे धरला, कारण एका हातानं ते जमत नव्हतं. बाईंनी पान उलटून दिलं.

"मला नका सांगू," त्या म्हणाल्या. "धाकटीला सांगा. आता ते तिच्याकडे आहे."